वीस गुणांचं बोलणं: पुण्यातल्या एका बिझनेस स्कूलचं प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्यातल्या एका खासगी विद्यापीठाचं हे बिझनेस स्कूल. दोन वर्षांचं पूर्णवेळ एमबीए, १२० जागा, साठ-साठचे दोन वर्ग, वर्षाला तीन अशी एकूण सहा सत्रं. मी तिथे मार्केटिंग शिकवतो. वर्गात बोलण्याला जे वीस गुण मिळतात, त्यांचं हे प्रकरण. स्कूलचं नाव देत नाही आणि विद्यार्थ्यांचे तपशील ओळख पटणार नाही इतपत बदलले आहेत. घटनांचा क्रम मात्र बदललेला नाही, त्यातल्या माझ्या चुकाही तशाच ठेवल्या आहेत.

पुण्याला व्यवस्थापनाचं शिक्षण नवं नाही. पुणे विद्यापीठाचा विभाग १९७१ मधला, आयएमडीआर १९७४ मधली, सिंबायोसिसचं एसआयबीएम १९७८ मधलं. खासगी विद्यापीठं त्यामानाने अलीकडची, गेल्या दहा-बारा वर्षांतली. ती विधिमंडळाच्या कायद्याने उभी राहतात आणि यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) कायद्याच्या कलम २(फ) खाली येतात. संलग्न महाविद्यालयाला अभ्यासक्रम आणि गुणांची विभागणी विद्यापीठाकडून येते. आमचं अभ्यास मंडळ आमच्याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर बसतं. एखादा नियम चुकीचा वाटला तर तो बदलायला बाहेरच्या कोणाची वाट पाहावी लागत नाही. म्हणजे उशीर झाला तर तो आपलाच, हेही आलं.

या मोकळीकीची किंमत विद्यार्थी मोजतो. सीईटीनंतरच्या कॅप (केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) फेरीतून महाविद्यालयात गेलेल्या मुलाला उत्पन्नाच्या अटीत बसल्यास राजर्षी शाहू शुल्क शिष्यवृत्ती मिळू शकते. खासगी विद्यापीठात ती नाही. म्हणून आमच्याकडची निम्मीअधिक मुलं कर्ज काढून येतात. साडेसात लाखांपर्यंतचं कर्ज बँक विनातारण देते, वरची रक्कम घरातून उभी करावी लागते.

शिकवण्याची पद्धत केसची, म्हणजे एखाद्या कंपनीसमोरचा पेच वर्गात चर्चेला घेण्याची. हार्वर्डचं बिझनेस स्कूल १९०८ मध्ये निघालं आणि पुढच्या दोन दशकांत ही पद्धत तिथे रुजली. हार्वर्डच्या सहकार्याने १९६१ मध्ये अहमदाबादला आयआयएम उभं राहिलं, तेव्हा ती भारतात आली. आज बरीच बिझनेस स्कूलं कमीअधिक प्रमाणात तिचीच नक्कल करतात. आदल्या रात्री पंधरा-वीस पानांची केस वाचायची, दुसऱ्या दिवशी वर्गात तिच्यावर वाद घालायचा. शिक्षक कमी बोलतो, फळ्यावर लिहीत राहतो. या बोलण्याला आमच्याकडे १०० पैकी २० गुण होते. ‘क्लास पार्टिसिपेशन’ म्हणायला कोणाला वेळ नसतो, सगळे ‘सीपी’च म्हणतात. सांगण्यासारखं काही नसताना गुणांसाठी हात वर करणाऱ्यालाही एक नाव आहे: ‘डीसीपी’, डेस्परेट सीपी. पोलीस उपायुक्तांशी त्याचा संबंध नाही.

प्रश्न कुठे दिसला

सप्टेंबर २०२३. पहिलं सत्र मध्यावर आलं होतं. केस एका कीटकनाशक कंपनीची होती. एप्रिलमध्ये रोख पैसे भरून माल उचलणाऱ्या दुकानदाराला कंपनी सहा टक्के सूट देते, तरी दुकानदार ढिम्म. विक्री व्यवस्थापकाने काय करावं?

तास रंगला. एकाने ‘इन्सेंटिव्ह अलाइन होत नाहीत’ असं सांगितलं. दुसरीने सूट आठ टक्क्यांवर नेली. तिसऱ्याने दुकानदारांसाठी ॲप आणि पॉइंट्स आणले. मी सगळं फळ्यावर मांडत गेलो आणि खूश होतो.

चौथ्या रांगेत बार्शी बसला होता. हॉस्टेलवर गावाच्या नावाने हाक मारतात. त्याचं खरं गाव वेगळं आहे, इथे आपण बार्शीच म्हणू. वडिलांचं बी-बियाणं आणि खतांचं दुकान. प्रवेशाच्या मुलाखतीत याच दुकानाबद्दल त्याला पंधरा मिनिटं विचारलं होतं, अर्धं मराठीत, आणि त्याच बोलण्यावर त्याची निवड झाली होती. त्या पॅनेलवर मीही होतो. वर्गात तो त्या तासापर्यंत एक शब्दही बोलला नव्हता.

तास संपल्यावर तो जिन्यात गाठ पडला.

“सर, आठ टक्के दिले तरी कोणी घेणार नाही.”

“का रे?”

“एप्रिलला पैसे भरायचे. माल जूनपासून उधारीवर जाणार. वसुली सोयाबीन विकल्यावर, म्हणजे दिवाळीला. सात महिने झाले. बँकेच्या कॅश क्रेडिटचं व्याज वर्षाला बारा टक्के धरा, सात टक्के तिथेच गेले. सहा टक्के घेऊन काय करायचं? एरवी कंपनी दिवाळीपर्यंत थांबतेच की.”

“मग आठने एक टक्का सुटतो.”

“सुटतो. पण रोखीचा माल कंपनी परत घेत नाही. यंदा ऑगस्ट कोरडा गेला, फवारणीच झाली नाही. माल पडून आहे दुकानात. मुदत संपली की फेकायचा. टक्के वाढवू नका, न खपलेला माल परत घ्या म्हणावं.”

शिक्षकांसाठी केसबरोबर जी टिपणं येतात ती माझ्या हातात होती. माल परत घेण्याचा मुद्दा त्यांत शेवटच्या परिच्छेदात होता. साठ जणांच्या वर्गाला सव्वा तासात तो सापडला नव्हता. मी म्हणालो, “वर्गात का नाही बोललास?” तो हसला. मी “पुढच्या वेळी बोल हं” म्हणून चहाला गेलो.

या प्रकरणातला पहिला निर्णयाचा क्षण तोच होता आणि तो मी चहाबरोबर प्यायलो.

ऑक्टोबरमध्ये गुण भरताना बार्शीच्या नावापुढे सीपीचे पाच पडले, वीसपैकी. लेखी परीक्षेत तो वर्गात नववा होता. हे खटकलं म्हणून मी प्रवेश अर्ज काढून शाळेच्या माध्यमाचा रकाना पाहिला. माझ्या वर्गात मराठी किंवा हिंदी माध्यमातून आलेले चौदा जण होते. सीपीमध्ये त्यांतले अकरा वर्गाच्या खालच्या अर्ध्यात, आणि लेखी पेपरात सहा वरच्या अर्ध्यात. चौदा हा आकडा लहान आहे, त्यावर सिद्धांत उभारू नये हे मला कळतं. पण त्यातल्या प्रत्येकाचा चेहरा मला माहीत होता.

गोष्ट एका विषयाच्या पाच गुणांची असती तर मी हे लिहिलं नसतं. पहिल्या वर्षाच्या उन्हाळ्यातली इंटर्नशिप, म्हणजे ‘समर्स’, पहिलं सत्र संपता संपताच ठरायला लागते. कंपन्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येतात. त्या वेळी विद्यार्थ्याकडे एकाच सत्राचा सीजीपीए असतो आणि त्यावर त्या चाळणी लावतात. बहुतेकांची चाळणी ७ वर होती. बार्शीचा सीजीपीए ६.८. सगळ्या विषयांचं सीपी त्याच्या लेखी कामगिरीच्या जवळपास धरून मी बेरीज पुन्हा केली, तर तो सातच्या पुढे गेला असता. दिवाळीच्या सुट्टीत मी हे गणित तीनदा केलं आणि सुट्टी संपेपर्यंत कोणाला सांगितलं नाही. तोवर बऱ्याचशा याद्या लागल्या होत्या.

समोरचे पर्याय

नोव्हेंबरच्या बैठकीत संचालक मॅडम, आम्ही पाच शिक्षक आणि प्लेसमेंटचे प्रमुख होते. वाटलं होतं त्यापेक्षा बैठक तापली.

आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ सर म्हणाले, काहीही करू नका. “उद्या मुंबईच्या बोर्डरूममध्ये मराठीतून प्रेझेंटेशन देणार आहे का तो? आपण इथे गादी घातली तर तिथे आपटेल.” हे म्हणणं मला आवडलं नाही, पण खोडूनही काढता आलं नाही. त्यांचं स्वतःचं शिक्षण जिल्हा परिषदेच्या शाळेतलं. इंग्रजी त्यांनी असंच पाण्यात ढकलल्यावर शिकलेलं. जो पोहून बाहेर येतो त्याला बुडालेले दिसत नाहीत, हे मी मनात म्हटलं, बैठकीत नाही.

दुसरा पर्याय संध्याकाळच्या इंग्रजीच्या तासांचा. तो चालूच होता. उपस्थिती पहिल्या आठवड्यात तीस, चौथ्यात सहा. त्या खोलीत जाताना दिसणं हाच एक शिक्का होता.

तिसरा, सीपीचे गुण वीसवरून दहावर आणायचे. सोपा आणि स्वस्त. पण त्याने अन्याय अर्धा होतो, जात नाही. शिवाय केसची तयारी करून येण्याची सवय या वीस गुणांच्या धाकावरच टिकलेली होती.

चौथा, वर्गात मराठी चालू द्यायची. एप्रिल २०२३ मध्ये यूजीसीने विद्यापीठांना पत्र लिहून, अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी परीक्षेत स्थानिक भाषेत उत्तरं लिहू द्यावीत, असं सुचवलं होतं. संचालक मॅडमनी ते पत्रच टेबलावर ठेवलं. परीक्षेला ते लागू करणं शक्य होतं. चर्चेला कठीण, कारण वर्गातली जवळपास एक तृतीयांश मुलं महाराष्ट्राबाहेरची. केरळच्या मुलीने काय करायचं?

पाचवा पर्याय मी मांडला: बोलायला लावा, पण मोजण्याची रीत बदला. दहा गुण तासापूर्वी दिलेल्या अर्ध्या पानाच्या चिठ्ठीला, भाषा कोणतीही. उरलेले दहा बोलण्याला, पण रोजच्या बोलण्याची बेरीज नाही, सत्रातली सर्वोत्तम दोन बोलणी धरायची. आणि उद्या कोणाला विचारणार ती चार नावं आदल्या दिवशीच सांगायची.

प्लेसमेंट प्रमुखांचा आक्षेप होता तो कामाचा निघाला: कंपन्यांना मुलगा कसा बोलतो ते कळायला हवं, चिठ्ठ्या कोण वाचणार? तरी प्रयोगाला होकार मिळाला, पण फक्त माझ्या वर्गापुरता. दुसऱ्या वर्गाच्या सहकाऱ्याने विषयाची रूपरेषा आधीच वाटली होती आणि वाटलेली रूपरेषा मध्येच बदलायची नाही हा आमचाच नियम.

काय केलं

दुसऱ्या सत्राच्या पहिल्या तासाला मी नवी रीत सांगितली आणि त्याच दमात म्हणालो, “आणि कोणाला मराठीत बोलावंसं वाटलं तर जरूर बोला.” म्हणताना नजर नकळत चौथ्या रांगेकडे गेली. त्या सत्रात मराठीत कोणीही बोललं नाही. बऱ्याच महिन्यांनी बार्शीने कारण सांगितलं: “सर, तुम्ही आमच्याकडे बघून म्हणालात. सगळा वर्ग वळून बघायला लागला.” हेतू चांगला असण्याचा उपयोग एवढाच.

चिठ्ठ्यांचे पहिले दोन आठवडे झकास गेले. वर्गात ज्यांचा आवाजही मी ऐकला नव्हता त्यांची अक्कल पहिल्यांदा कागदावर दिसली. तिसऱ्या आठवड्यात चिठ्ठ्या एकाच घडणीच्या यायला लागल्या. तीन मुद्दे, गुळगुळीत इंग्रजी, शेवटी ‘संतुलित दृष्टिकोन’. सगळ्यांनी रात्री चॅटजीपीटीला केस वाचायला दिली होती. एका मुलाने तर मराठी चिठ्ठीही तिथूनच करून आणली. त्या मराठीत दुकानदार ‘हितधारक’ झाला होता. मग चिठ्ठी घरून आणायची नाही, असं ठरलं. तासाच्या सुरुवातीची आठ मिनिटं, कोरा कागद, फोन पालथे.

याने एक अनपेक्षित गोष्ट साधली. आठ मिनिटं लिहिल्यावर वर्ग शांत झालेला असायचा आणि पहिले हात नेहमीच्या सहा-सात जणांचेच नसायचे. नेहमीचे लोक बोलता बोलता विचार करतात. बाकीच्यांना आधी विचार करायला वेळ हवा होता. भाषेइतकाच हा वेळेचा प्रश्न होता, हे तोवर माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

खर्चही सांगायला हवा. साठ चिठ्ठ्या वाचायला दर तासामागे सव्वा ते दीड तास जायचा. शोधनिबंधाचं काम त्या तीन महिन्यांत एक ओळ पुढे सरकलं नाही. आमच्या मूल्यमापनात शोधनिबंधाला गुण आहेत, चिठ्ठ्या वाचण्याला नाहीत.

तक्रार आली ती दुसऱ्या बाजूने. पुण्यातच इंग्रजी माध्यमात शिकलेली, सतत तयारीने येणारी एक विद्यार्थिनी केबिनमध्ये आली. “सर, मी रोज केस वाचून बोलते. आता दोनच बोलणी धरणार म्हणजे बाकी तासांना मी गप्प बसू?” तिचं बरोबर होतं. मी दोनचे चार केले. पुढच्या आठवड्यात एका पालकांचा मेल थेट संचालकांकडे गेला: दोन वर्गांना वेगळे नियम आणि ग्रेड मात्र एकत्र, हे कसं? आमच्याकडे ग्रेड सापेक्ष असतात, म्हणजे इतरांच्या तुलनेत. त्यामुळे हा आक्षेप टाळण्याजोगा नव्हता. त्या विषयापुरती दोन्ही वर्गांची ग्रेड वेगळी लावायचं ठरलं आणि मेलला तसं उत्तर गेलं. हा विचार आम्ही आधी करायला हवा होता. तोही एका पालकाने करून दिला.

निष्पत्ती

सातव्या तासाला ठरलेल्या चार नावांत बार्शी होता. केस एका पंख्यांच्या कंपनीची, ग्रामीण विक्रेत्यांबद्दलची. तो उभा राहिला, इंग्रजीत दोन वाक्यं बोलला, तिसऱ्यात अडकला आणि म्हणाला, “ॲक्चुअली सर, इट इज उधारी.” कोणी हसलं नाही, कारण कानपूरचा एक मुलगा लगेच म्हणाला, “सर, उधारी इज नॉट क्रेडिट,” आणि दोघांनी मिळून फरक सांगितला: क्रेडिटला तारीख असते, उधारीला हंगाम असतो. त्यानंतर त्या वर्गात हा शब्द राहिला. केरळच्या मुलीने अंतिम पेपरात तो रोमन लिपीत लिहिला.

सत्राअखेर त्या चौदा जणांपैकी आठ सीपीमध्ये वर्गाच्या वरच्या अर्ध्यात होते. आधी तीन होते. यात चिठ्ठीचा वाटा किती आणि दुसऱ्या सत्रात मुलं तशीही रुळतात त्याचा किती, हे वेगळं करता येत नाही. बार्शी वीसपैकी चौदापर्यंत आला.

समर्सच्या याद्यांना मात्र याचा काही उपयोग झाला नाही. त्या लागून गेल्या होत्या. बार्शीला कॅम्पसवर काही मिळालं नाही. फेब्रुवारीत एका माजी विद्यार्थ्याच्या ओळखीने जालन्याच्या एका बियाणे कंपनीत आठ आठवड्यांचं काम मिळालं, मानधन इतरांच्या निम्म्याहून कमी. फी भरताना कर्जापेक्षा वरची रक्कम वडिलांनी दुकानाच्या भांडवलातून काढली होती. ती कुठून भरून निघणार याचा हिशेब तो मला सांगत नाही, पण तो त्याला येतो हे मला माहीत आहे.

आणि एक अपयश, जे सत्र संपल्यावर हजेरीपटात सापडलं. एक विद्यार्थिनी त्या सत्रात तीनदा गैरहजर होती. तिन्ही दिवशी तिचं नाव आदल्या दिवशी जाहीर झालेल्या चौघांत होतं. ज्याला मी तयारीची सवलत समजत होतो, ती तिच्यासाठी रात्रभराची धास्ती होती. तिच्या चिठ्ठ्या वर्गातल्या सर्वोत्तम पाचांत होत्या.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत आधी, सप्टेंबरमध्ये. जिन्यातलं ते बोलणं मी पुढच्या तासाला त्याच्या परवानगीने वर्गासमोर ठेवू शकलो असतो, त्याचं नाव घेऊन. त्याला कोणतंही मंडळ लागत नव्हतं. निदान पाचाचे सात करायला कोणाची हरकत नव्हती. जिन्यात बोललेलंही वर्गातच बोललेलं आहे, असं मानायला मी तयार नव्हतो, एवढंच.

दुसरं, मुलाखतीच्या नोंदी. प्रवेश समितीकडे प्रत्येक मुलाबद्दल पानभर माहिती असते: कोणाचं दुकान, कोणाचा ट्रक, कोणी तीन वर्षं बँकेत काम केलेलं. जून-जुलैत ती फायलीत जाते आणि शिकवणाऱ्यापर्यंत पोचत नाही. आता मी ती मागून घेतो आणि केस लावताना बघतो. वाहतुकीची केस असली की कोणाकडे बघायचं हे माहीत असतं. बघायचं म्हणजे खरंच बघायचं नाही, ते मी शिकलो आहे.

तिसरं, नावं जाहीर करण्याऐवजी चिठ्ठ्या गोळा केल्यावर त्यांतलीच एखादी, विचारून, वाचून दाखवायची आणि लिहिणाऱ्याला पुढे बोलायचं असेल तर बोलू द्यायचं. त्या विद्यार्थिनीनंतरच्या तुकडीला मी हे करून पाहिलं. धास्ती कमी होते, वेग मंदावतो. ज्येष्ठ सरांच्या मते हे अजूनही गादी घालणंच आहे. मात्र चिठ्ठ्यांसाठी कोऱ्या कागदांचा गठ्ठा ते मागच्या सत्रापासून माझ्याच कपाटातून नेतात.

चौथी गोष्ट माझ्या हातात नाही. पहिल्या सत्रात सीपीवर फक्त शेरा द्यावा, गुण देऊ नयेत, म्हणजे समर्सच्या चाळणीत ते येणार नाहीत, असा प्रस्ताव मी अभ्यास मंडळात मांडला. मंडळाने तो विद्या परिषदेकडे पाठवला. प्लेसमेंट विभागाचं म्हणणं असं की शेजारच्या संस्था सीजीपीएमध्ये सीपी धरत असताना आपण वगळलं, तर कंपन्या विचारतील की यांची मुलं बोलत नाहीत का. विषय दोन बैठकांच्या कार्यक्रमपत्रिकेवर आला आणि दोन्ही वेळा वेळेअभावी पुढे गेला. दरम्यान जुलैत नवी तुकडी आली आहे आणि रूपरेषेत सीपीपुढे वीसच छापले आहेत.